नागपुरातून ट्रायमिक्सपर्यंत: हेलियमवरच्या खोल डायव्हिंगची तयारी कशी करावी

आपण खोल पाण्यातलं डायव्हिंग शिकतोय असं नागपुरात कोणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आपल्या इकडे समुद्र कुठं हाय बे?" प्रश्न रास्तच आहे. झिरो माइलपासून कोणताही किनारा गाठायचा तर काहीशे किलोमीटर जावं लागतं. पण ट्रायमिक्सच्या, म्हणजे हेलियम मिसळलेल्या गॅसवर खोल उतरण्याच्या, शिक्षणात प्रत्यक्ष खोल पाण्यात घालवायचा वेळ अगदी थोडा असतो. बाकीचं काम वहीत, तरणतलावात आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात होतं आणि ते इथे घरी राहून करता येतं. हे काम न करता जे जातात ते तिकडे हेलियमचे पैसे मोजून पाण्यात स्थिर राहायला शिकतात. ते शिकायला साधी हवा पुरते.

हा लेख ज्यांचे ओपन वॉटर आणि अॅडव्हान्स्ड हे सुरुवातीचे कोर्स झालेले आहेत, काही डाइव्ह लॉगबुकात आहेत आणि ट्रायमिक्स म्हणजे नेमकं काय, तिथपर्यंत जायचं कसं, हे ज्यांना समजून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी आहे. अजून पाण्याखाली श्वासच घेतलेला नसेल तर आधी तारकर्ली, मुरुडेश्वर किंवा अंदमान गाठा आणि मग इकडे वळा. आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. हे वाचून कोणी स्वतःहून हेलियमवर उतरू नये. हा रस्ता इन्स्ट्रक्टरच्या सोबतीनंच चालायचा आहे. खालचे आकडे तुम्हाला वर्गात बसण्याआधी ओळखीचे व्हावेत, एवढ्यासाठीच दिले आहेत.

हेलियम कशाला लागतो

समुद्रात दर १० मीटरला साधारण एक बार दाब वाढतो. पृष्ठभागावर १ बार, ३० मीटरवर ४, ६० मीटरवर ७. सिलिंडरातल्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन आणि ७८ टक्के नायट्रोजन असतो, आणि खोली वाढली की दोघांचाही आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्या त्या गॅसचा वाटा, त्याच प्रमाणात चढतो. इथून तीन वेगवेगळे त्रास सुरू होतात. नवखे डायव्हर त्यातला पहिलाच लक्षात ठेवतात.

पहिला त्रास नशेचा. साधारण ३० मीटरनंतर नायट्रोजनमुळे डोकं मंदावू लागतं. ४५-५० मीटरवर आपण ठीक आहोत असंच वाटत राहतं आणि धोका तिथेच असतो, कारण सिलिंडरचा गेज वाचून त्याचा अर्थ लावायलाही जास्त वेळ लागत असतो. हेलियमची नशा व्यवहारात चढत नाही, म्हणून नायट्रोजनचा काही भाग काढून तिथे हेलियम घालतात. ऑक्सिजन, हेलियम आणि नायट्रोजन यांचं हे मिश्रण म्हणजे ट्रायमिक्स. लिहिताना आधी ऑक्सिजनचा आकडा येतो, मग हेलियमचा. १८/४५ म्हणजे १८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम आणि उरलेला ३७ टक्के नायट्रोजन.

दुसरा त्रास ऑक्सिजनचा. त्याचा आंशिक दाब फार वाढला तर पाण्याखाली झटका येऊ शकतो, आणि तोंडातून रेग्युलेटर (सिलिंडरातला गॅस श्वासासाठी देणारं उपकरण) सुटला की माणूस बुडतो. काम करत असताना १.४ बार आणि डिकॉम्प्रेशनला, म्हणजे वर येताना अंगात मुरलेला गॅस बाहेर पडावा म्हणून, स्थिर थांबलेलं असताना १.६ बार, अशा मर्यादा सर्वसाधारणपणे पाळल्या जातात. हवेवर १.४ बार साधारण ५७ मीटरवर येतात. त्यापुढे ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्क्यांच्या खाली आणावंच लागतं.

तिसरा त्रास घनतेचा. माझ्या मते सगळ्यात कमी बोललं जातं ते याबद्दलच. दाबाखाली गॅस जड होतो, श्वास ओढायला आणि सोडायला जास्त कष्ट पडतात आणि शरीरात कार्बन डायऑक्साइड साचत जातो. साचलेला कार्बन डायऑक्साइड नशा वाढवतो, घबराट वाढवतो आणि ऑक्सिजनच्या झटक्याची शक्यताही वाढवतो. गॅव्हिन अँथनी आणि सायमन मिचेल यांनी २०१६ मध्ये मांडलेल्या शिफारशीनुसार श्वासाच्या गॅसची घनता लिटरला ५.२ ग्रॅमच्या आत ठेवावी आणि ६.२ ओलांडू नये. हवेची घनता ३० मीटरच्या आसपासच ५.२ पर्यंत पोचते, आणि ६० मीटरवर ती लिटरला ९ ग्रॅमच्या घरात असते. तिथेच १८/४५ वापरलं तर हिशेब ५.६ वर येतो. "मला नशा चढत नाही, मी ५० मीटर हवेवर जातो" असं छातीठोक सांगणारा कोणी भेटला तर त्याला घनतेबद्दल विचारा.

हेलियमचे तोटेही आहेत. तो महाग आहे. तो उष्णता फार लवकर वाहून नेतो, म्हणून ड्रायसूट (पाणी आत न येऊ देणारा सूट) वापरणारे त्यात कधी हेलियमचं मिश्रण भरत नाहीत. तो ऊतींमध्ये नायट्रोजनपेक्षा झपाट्यानं शिरतो आणि झपाट्यानं निघतो. ब्यूलमनच्या डिकॉम्प्रेशनच्या गणितात त्याचे अर्धकाल नायट्रोजनच्या सुमारे २.६५ पट लहान धरले आहेत. म्हणून वर येण्याचा वेग आणि थांबे यांत ढिलाई चालत नाही. दीडशे मीटरच्या पलीकडे हेलियमचा स्वतःचा चेतासंस्थेवरचा त्रासही सुरू होतो, पण नवशिक्यानं त्याची काळजी करायचं कारण नाही.

जाता जाता थोडा इतिहास. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी हेलियमचा शोध जोडलेला आहे, आणि आपल्याकडे विजयदुर्गच्या किल्ल्यावर दरवर्षी त्या दिवशी हेलियम दिवस साजरा होतो. ग्रहणाच्या वेळी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जॅन्सेन गुंटूरला होते, आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेघ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडातून, ग्रहण नसताना पाहिली. पृथ्वीवर हेलियम वेगळा काढला तो रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांनी, १८९५ मध्ये. पाण्याखाली त्याचा उपयोग त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. १९३७ मध्ये अमेरिकन डायव्हर मॅक्स नोल मिशिगन सरोवरात हेलियम-ऑक्सिजनवर ४२० फूट उतरले. १९३९ मध्ये बुडालेली स्क्वालस ही पाणबुडी वर काढताना अमेरिकन नौदलाच्या डायव्हरांनी हेच मिश्रण वापरलं.

पायरी पहिली: मधल्या पायऱ्या गाळू नका

ट्रायमिक्स हा कोणाचाही पहिला टेक्निकल कोर्स नसतो. ढोबळ क्रम असा: आधी नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा), मग ट्विनसेट (पाठीवर जोडलेले दोन सिलिंडर) किंवा साइडमाउंट (अंगाच्या बाजूंना लावलेले सिलिंडर) यांची सवय, मग अॅडव्हान्स्ड नायट्रॉक्स आणि डिकॉम्प्रेशन प्रोसीजर्स, ज्यात ४५ मीटरपर्यंत नियोजित थांबे घेऊन वर यायला शिकवतात. त्यानंतर साधारण ६० मीटरपर्यंतचा नॉर्मॉक्सिक ट्रायमिक्स (पृष्ठभागावरही श्वासाला चालेल इतका ऑक्सिजन असलेला), आणि शेवटी १०० मीटरपर्यंतचा हायपॉक्सिक (त्याहून कमी ऑक्सिजनचा). टीडीआय, पाडी, जीयूई अशा प्रशिक्षण संस्थांनुसार नावं आणि मर्यादा बदलतात. टीडीआयमध्ये ट्रायमिक्स आणि अॅडव्हान्स्ड ट्रायमिक्स असे दोन टप्पे आहेत, पाडीत टेक ४०, ४५, ५० आणि मग ट्रायमिक्स. जीयूई आधी फंडामेंटल्स करायला लावते आणि टेक १ पासूनच हेलियम देते, साधारण ५१ मीटरच्या मर्यादेत.

कोणती संस्था चांगली, यावर डायव्हर रात्रभर भांडू शकतात. मी एवढंच म्हणेन की हेलियम लवकर हातात देणारी पद्धत मला जास्त पटते. ५० मीटर हवेवर जायला शिकवणारे अभ्यासक्रम अजून आहेत, पण घनतेचे आकडे समजल्यावर त्यांच्यात शिरायचं मला तरी कारण दिसत नाही.

टीडीआयच्या ट्रायमिक्सला १८ वर्षं वय आणि लॉगबुकात १०० डाइव्ह लागतात. नागपूरकराला हा आकडा जड जातो, कारण आपण वर्षातून एकदोनदाच समुद्र पाहतो. म्हणून प्रत्येक सहलीत दिवसाला तीन-चार डाइव्ह कराव्यात, त्यातली निदान एक सरावासाठी राखून ठेवावी आणि मासे बघायचा मोह तेवढ्यापुरता आवरावा.

पायरी दुसरी: जे नागपुरात होतं ते नागपुरातच करा

सुरुवात वहीपासून. खालचा हिशेब कॅल्क्युलेटरशिवाय, चहा पिता पिता करता येईपर्यंत घोकावा.

४५ मीटर, गॅस २१/३५. दाब ५.५ बार. ऑक्सिजनचा आंशिक दाब ०.२१ गुणिले ५.५, म्हणजे १.१५ च्या आसपास. ठीक. आता नशेचा हिशेब, ज्याला डायव्हर ईएनडी म्हणतात. ऑक्सिजनचीही नशा चढते असं सावधपणे धरायचं आणि फक्त हेलियम वजा करायचा. उरले ६५ टक्के. ०.६५ गुणिले ५.५ म्हणजे ३.५८ बार, म्हणजे डोक्याला वाटणारी खोली साधारण २६ मीटर. घनता येते लिटरला ५ ग्रॅमच्या जवळ. तिन्ही आकडे मर्यादेत बसले, गॅस पास.

आता परतीचा गॅस. ट्विनसेट १२ लिटरचे दोन, म्हणजे २४ लिटर. समजा तळाशी असताना बडीचा, म्हणजे जोडीदाराचा, गॅस संपला आणि दोघांना एकाच्या गॅसवर वर यायचं आहे. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर ओढतो असं धरा, दोघांचे ६०. तळाशी सावरायला एक मिनिट: ६० गुणिले ५.५, म्हणजे ३३० लिटर. ४५ वरून २१ मीटरपर्यंत मिनिटाला ९ मीटरनं चढायला तीन मिनिटं, सरासरी खोली ३३, दाब ४.३: ७७४ लिटर. २१ मीटरवर दुसऱ्या गॅसवर जायला एक मिनिट: १८६. बेरीज १२९० लिटर. भागिले २४, म्हणजे ५४ बार. वर ढकलून ६० धरा. गेज ६० वर आला की डाइव्ह संपली, समोर काहीही असो. हा आकडा सहलीच्या आदल्या रात्री काढायचा नसतो. ३६, ४२, ४८, ५४ मीटर अशा वेगवेगळ्या खोलींसाठी तो घरीच काढून पाहा. मग खोली थोडी वाढली की गॅस किती झपाट्यानं उडतो, ते अंगात भिनतं.

यानंतर डिकॉम्प्रेशनचं सॉफ्टवेअर. ब्यूलमनचं झेडएचएल-१६सी हे गणित आणि त्यावरचे ग्रेडियंट फॅक्टर (ते गणित किती सावध ठेवायचं हे ठरवणारे आकडे) हे आज सर्वात रूढ आहेत. एकाच डाइव्हची योजना वेगवेगळ्या फॅक्टरांवर चालवून पाहा. मग पाच मिनिटं जास्त थांबलात तर, तीन मीटर जास्त खोल गेलात तर, ऑक्सिजनचा सिलिंडर हरवला तर, थांबे किती लांबतात ते पाहा. या "तर" मध्येच खरा अभ्यास आहे. थांब्यावर किती वेळ ऑक्सिजन घेता येतो त्यालाही मर्यादा आहे. अमेरिकेच्या नोआ या सागर-हवामान संस्थेच्या तक्त्यात एका डाइव्हला १.६ बारवर ४५ मिनिटं आणि १.४ बारवर १५० मिनिटं दिली आहेत.

मग तरणतलाव. स्कूबा सेट घेऊन उतरायला तलावाच्या व्यवस्थापकांची परवानगी आधीच काढावी लागते. सकाळच्या बॅचच्या गर्दीत कोणी ती देणार नाही, दुपारच्या रिकाम्या वेळेत मिळू शकते. दोन मीटर पाण्यात एका जागी, आडवं, हात न हलवता पाच मिनिटं तरंगता आलं पाहिजे. दोन मीटरवर हे वीस मीटरपेक्षा कठीण असतं, कारण उथळ पाण्यात श्वासाच्या थोड्याशा फरकानंही शरीर वरखाली होतं. म्हणून तलाव हीच सरावाची उत्तम जागा. फ्रॉग किक (बेडकासारखे पाय मारणं), उलटी किक, जागच्या जागी गोल फिरणं, मास्क काढून तो नसतानाच थोडं पोहणं, हे सगळं इथे. सेट मिळाला नाही तर स्नॉर्केल आणि फिन्सवर फ्रॉग किक तरी घटवा. श्वास रोखून लांब पोहण्याच्या पैजा मात्र नकोत. आधी जोरजोरात श्वास घेऊन मग रोखला की पाण्यातच शुद्ध हरपते, आणि एकट्यानं असं करणारे दगावतात.

हातांचा सराव घरी होतो. रीलवर दोरा गुंडाळणं, डोळे मिटून बोल्ट स्नॅप (सामान अडकवायचे हूक) लावणं-काढणं, एसएमबीला (पृष्ठभागावर सोडायच्या खुणेच्या फुग्याला) रील जोडणं, आणि हे सगळं हातमोजे घालून. ट्विनसेटच्या व्हॉल्व्हपर्यंत मानेमागून हात पोचण्यासाठी खांदे मोकळे लागतात. बसून काम करणाऱ्या बहुतेकांचे ते नसतात आणि मोकळे व्हायला काही महिने जातात. हे काम कोर्सच्या आठवड्यात होत नाही.

डॉक्टरांचं काम टाळू नका. भरलेला स्टीलचा ट्विनसेट पस्तीस किलोच्या पुढे जातो. तो पाठीवर, वर दोन स्टेज (बाजूला अडकवायचे जादा) सिलिंडर, आणि हलत्या बोटीत शिडी. हृदयाची तपासणी, ताणाखालचा ईसीजी, फुप्फुसांची तपासणी करून घ्या. दमा, फिट, हृदयविकार यांतलं काही पूर्वी झालं असेल तर डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांकडेच जा. सुमारे चारात एका माणसाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये जन्मतःच लहानसं छिद्र उघडं राहिलेलं असतं, त्याला पीएफओ म्हणतात. डिकॉम्प्रेशनचे बुडबुडे त्यातून पलीकडे जाऊ शकतात. सगळ्यांनीच ते तपासावं असं नाही. पण आधी कधी डाइव्हनंतर त्वचेवर चट्टे, चक्कर, सुन्नपणा असं झालं असेल तर बबल इको (शिरेतून बारीक बुडबुडे सोडून केलेली हृदयाची सोनोग्राफी) करण्याबद्दल हृदयरोगतज्ज्ञांशी बोला.

आणि ज्याचा मोह होईल पण करायचं नाही असं एक. नागपूरच्या आसपास पाण्यानं भरलेल्या जुन्या खाणी आहेत, उमरेडकडे कोळशाच्या, मनसर-कांद्रीकडे मँगनीजच्या. "खोल तर हाय ना" म्हणून तिथे उतरायचा विचारही नको. कडा ढासळतात, तळाशी तारा आणि लोखंड असतं, पाण्यात दिसत काही नाही आणि वर मदतीला कोणी नसतं. फुटाळा, अंबाझरी, गोरेवाडा हे तलाव गढूळ, शिवाय तिथे परवानगीचा प्रश्न. शिवाय नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंच आहे, आणि बरेच तक्ते ३०० मीटरच्या वरच्या पाण्याला उंचीवरचं डायव्हिंग मानतात. म्हणजे समुद्रावरचा हिशेब इथल्या पाण्याला जसाच्या तसा लागूही होत नाही.

पायरी तिसरी: सामान

सुरुवातीला सगळं विकत घेऊ नका. मास्क, फिन्स, बॅकप्लेट-विंग (पाठीची पाटी आणि तरंगण्यासाठीची हवेची पिशवी) आणि ट्रायमिक्स चालणारा डाइव्ह कॉम्प्युटर स्वतःचा असावा. रेग्युलेटर जमले तर. सिलिंडर केंद्रावरचेच वापरा.

सिलिंडर स्वतःचेच असावेत असा हट्ट असलेल्यांना एक गोष्ट घरबसल्या कळू शकते. देशभरातल्या गॅस सिलिंडरांचे नियम पाहणारी पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, तिचं मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे. गॅस सिलिंडर नियम, २०१६ त्यांच्या अखत्यारीत येतात. परदेशातून सिलिंडर आणायचा तर मंजुरी, शिक्का आणि ठरावीक मुदतीनं हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबानं केलेली चाचणी) हे सगळं येतं. ते नियम एकदा वाचून पाहा. भाड्याचा सिलिंडर एकदम स्वस्त वाटू लागेल.

पायरी चौथी: कुठे आणि कोणाकडे

भारतात सहलीच्या डायव्हिंगवर चालणाऱ्या बहुतेक केंद्रांवर हेलियमचा साठा नसतो. आगाऊ सांगितलं तर काही ठिकाणी मागवतात. म्हणून तिकीट काढायच्या आधी लेखी विचारा: हेलियम आहे का, किती आहे, दर कसा लावता, वापरला तेवढा की भरला तेवढा. अंदमानात डिकॉम्प्रेशनपर्यंतचे टप्पे करून हेलियमसाठी थायलंड, फिलिपिन्स किंवा इजिप्तमधल्या दहाबला जाणं हा अनेक भारतीय डायव्हरांचा व्यवहारी रस्ता आहे. नागपूरहून अंदमानला जायचं तर ग्रँड ट्रंक किंवा तमिळनाडू एक्स्प्रेसनं चेन्नई आणि पुढे विमान हा पर्याय सामान जास्त असणाऱ्याला बरा पडतो. दुबईतला डीप डाइव्ह दुबई हा ६० मीटरचा तलाव वर्षभर एकसारख्या पाण्यात सराव देतो, पण तलावात लाटा नसतात, प्रवाह नसतो आणि बोटीची शिडी नसते. समुद्राची जागा तो घेत नाही.

खर्चाचा अंदाज हेलियमच्या लिटरांवरून काढा. २४ लिटरचा ट्विनसेट २०० बारला १८/४५ नं भरायचा तर ९० बार हेलियम लागतो, म्हणजे २१६० लिटर, दोन घनमीटरच्या थोडं वर. कोर्समध्ये अशा किती डाइव्ह आहेत ते विचारा आणि केंद्राच्या दरानं गुणा. कोर्सच्या फीमध्ये गॅस धरलेला नसतो तेव्हा हा आकडा फीच्या जवळ जाऊ शकतो.

इन्स्ट्रक्टरला विचारायचे प्रश्न मात्र पैशांचे नाहीत. तुम्ही स्वतःसाठी, विद्यार्थ्यांशिवाय, या खोलीवर शेवटचं कधी गेला होता? एका वेळी किती विद्यार्थी घेता? किती जणांना पास न करता परत पाठवता? शेवटच्या प्रश्नावर जो "सगळेच पास होतात" म्हणून हसतो, त्याच्याकडे मी जाणार नाही.

पायरी पाचवी: कोर्समध्ये काय होतं

पहिले दिवस कोरडे. वर्ग, योजना, सामान खोलणं-जोडणं. मग उथळ पाण्यात, हवेवर किंवा नायट्रॉक्सवर, संकटांचा सराव. व्हॉल्व्ह फुटल्याचं सोंग करून तो बंद करायचा, दुसऱ्या रेग्युलेटरवर जायचं, बडीला लांब होज द्यायचा, मास्कशिवाय वर चढायचं. इन्स्ट्रक्टर एकामागून एक अडचणी लादत जातो आणि त्या वेळी तुमची खोली अर्ध्या मीटरपेक्षा जास्त हलते का ते पाहतो. इथपर्यंत नीट झालं तरच हेलियमचे सिलिंडर बाहेर निघतात.

सगळ्यात जास्त वेळ जातो आणि जायलाच हवा तो गॅस बदलण्यात. ६० मीटरच्या डाइव्हला साधारणपणे पाठीवर तळाचा गॅस, एका स्टेजमध्ये ५० टक्के नायट्रॉक्स आणि दुसऱ्यात शुद्ध ऑक्सिजन असतो. पन्नासचा २१ मीटरपासून वर, ऑक्सिजन ६ मीटरपासून वर. चुकून ऑक्सिजन ३० मीटरवर तोंडात आला तर आंशिक दाब ४ बार होतो. म्हणून प्रत्येक स्टेजवर जास्तीत जास्त खोलीचा आकडा मोठ्या अक्षरात, बडीला लांबून वाचता येईल असा. थांबायचं, खोली तपासायची, आकडा वाचायचा, तो बडीला दाखवायचा, होज डोळ्यांनी सिलिंडरपर्यंत पाहायचा, मग रेग्युलेटर तोंडात घ्यायचा. रोजच्या घाईत यातली एखादी पायरी गाळावीशी वाटते. टेक्निकल डायव्हिंगमधल्या बऱ्याच मृत्यूंमागे चुकीचा सिलिंडर तोंडात जाणं हेच कारण निघालेलं आहे.

हायपॉक्सिक मिश्रणं पुढच्या कोर्सची. १०/७० मध्ये फक्त १० टक्के ऑक्सिजन असतो. पृष्ठभागावर तो श्वासात घेतला तर माणूस बेशुद्ध पडू शकतो. त्यासाठी उतरताना वेगळा गॅस लागतो. तुमचा पहिला ट्रायमिक्स १८ किंवा २१ टक्क्यांचा असेल, आणि तेवढं नवशिक्याला पुरेसं आहे.

गॅस कोण भरतो, कोण तपासतो

मिश्रण करणं हे वेगळ्या प्रशिक्षणाचं काम आहे, पण त्याचं गणित तुम्हाला यायला हवं. २०० बार १८/४५ साठी आधी ९० बार हेलियम, मग साधारण १६ बार ऑक्सिजन, आणि उरलेले ९४ बार फिल्टर केलेली हवा. हे आदर्श गणित झालं. दाब वाढला की हेलियम त्या गणितापासून थोडा ढळतो, भरताना सिलिंडर तापतो, म्हणून शेवटचा शब्द अॅनालायझरचा. ऑक्सिजन आणि हेलियम दोन्ही मोजणारा अॅनालायझर लागतो, आणि मोजायचं तुम्ही स्वतः, दुसऱ्यानं मोजलेल्या आकड्यावर जायचं नाही. मग टेपवर मिश्रण, जास्तीत जास्त खोली, तारीख आणि आपल्या नावाची अक्षरं लिहून ती सिलिंडरवर चिकटवायची. टेप नसलेला सिलिंडर पाण्यात जात नाही.

सीताबर्डीत फुग्यांसाठी हेलियम मिळतो, रुग्णालयांत एमआरआयसाठी तो येतो, तर मग तोच भरून घ्यावा, असा जुगाड कोणीतरी सुचवेल. फुग्यांचा गॅस श्वासासाठी तपासलेला नसतो. शिवाय गंमत म्हणून शुद्ध हेलियम ओढणारे त्यात ऑक्सिजन नसल्यामुळे मरतात. श्वासाच्या दर्जाचा, प्रमाणपत्र असलेला गॅसच घ्यायचा.

परतीचा रस्ता

हेलियमच्या डाइव्हनंतर विमानाची घाई नको. डॅन या डायव्हरांच्या सुरक्षिततेसाठीच्या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार डिकॉम्प्रेशन डाइव्हनंतर १८ तासांपेक्षा बरंच जास्त थांबावं. २४ तास हा मी किमान धरतो आणि शेवटचा दिवस कोरडा ठेवतो. रस्त्यानं येणाऱ्यांनीही जपून. तारकर्लीहून नागपूरला येताना घाट चढावाच लागतो, आणि आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. शरीराच्या दृष्टीनं तेही वर चढणंच आहे, म्हणून दुपारी डाइव्ह करून संध्याकाळी घाटात गाडी घालू नका.

सांधेदुखी, त्वचेवर जाळीदार चट्टे, सुन्नपणा, चक्कर, नेहमीपेक्षा फार जास्त थकवा, यातलं काहीही घरी आल्यावर जाणवलं तर ते प्रवासाचं अंगदुखणं समजून झोपू नका. शंभर टक्के ऑक्सिजन लावायला सांगा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की तुम्ही कोणत्या तारखेला किती खोल डाइव्ह केली होती. समुद्रापासून दूरच्या शहरातल्या डॉक्टरांच्या समोर असा रुग्ण क्वचितच येतो. डॅनचा विमा आधीच काढलेला असला तर त्यांच्या तातडीच्या फोनवर डायव्हिंगचे डॉक्टर मिळतात, आणि तुमचे डॉक्टर त्यांच्याशी थेट बोलू शकतात. रिकॉम्प्रेशन चेंबर (दाब वाढवून उपचार करायचे कक्ष) नौदलाच्या रुग्णालयांत आहेत, श्री विजयपुरमला (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) आयएनएचएस धन्वंतरी आणि मुंबईत आयएनएचएस अश्विनी. फोन नंबर सहलीच्या आधी वहीत उतरवून घ्या आणि घरच्यांनाही देऊन ठेवा.

कार्ड मिळाल्यावर

कार्डावर ६० मीटर लिहिलेलं असतं, पण पुढची सहल कधी कधी आठ-दहा महिन्यांनी होते. तेवढ्यात हात विसरतात. म्हणून नव्या सहलीची पहिली डाइव्ह हेलियमवर नको. ट्विनसेट आणि एक स्टेज घेऊन २० मीटरवर जा. सगळे व्हॉल्व्ह बंद-चालू करा, बडीला लांब होज द्या, एसएमबी सोडा, २१ मीटरऐवजी ६ मीटरवर गॅस बदलण्याचा सराव करा. दुसऱ्या दिवशी ३५-४० मीटर, हलक्या ट्रायमिक्सवर. मग गरज वाटली तर खोल. बडी नवा असेल तर आणखी एक दिवस वाढवा, आणि त्याची मिनिटाला किती लिटरची ओढ आहे ते त्याला विचारू नका, उथळ डाइव्हला स्वतः मोजून घ्या. कमीत कमी गॅसचा हिशेब तुमच्या दोघांच्या आकड्यांवर काढायचा असतो, आणि लोक आपला आकडा नेहमी कमी सांगतात.